नाव लिहून नेणाऱ्याचे कर्तव्य

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेत केलेले भाषण)



आम्ही स्वयंसेवक आहोत. आमचे काम डोळ्यांत भरण्याजोगे नाही. दिवसाचा उद्योग आटोपल्यावर आम्ही कळंब्यात आपापल्या घरी संगणकापुढे बसतो आणि दूरदेशीच्या विकासकार्यास हातभार लावतो. कागदावरील नोंदी संगणकात उतरविणे, याद्या तपासणे, उपग्रहातून घेतलेल्या छायाचित्रांवरून घरे व वाटा नकाशावर रेखाटणे, असे त्याचे स्वरूप आहे. वेतन नाही, प्रवासही नाही.

ही कल्पना आमची नव्हे. संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने १९७० साली स्वयंसेवकांची एक स्वतंत्र योजना मंजूर केली. तिचे मुख्य ठाणे १९९६ पासून जर्मनीतील बॉन येथे आहे. प्रथम तिचे स्वयंसेवक परदेशी जाऊन राहत. पुढे २००० सालापासून घरी बसून इंटरनेटवरून सेवा करण्याची वाटही खुली झाली. त्यामुळे आज कळंब्यातील एखादा कारकून किंवा विद्यार्थिनी रात्री दोन तास काढून आफ्रिकेतील एखाद्या संस्थेच्या कामी येऊ शकते.

येथवर सर्व गोड आहे. परंतु आज आम्हांस आमच्या एका चुकीची हकीकत सांगावयाची आहे. कारण जे शिकलो ते तिच्यामुळेच शिकलो.

ऑगस्ट २०१९ चा महापूर आपणांपैकी कोण विसरला असेल? राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट; त्या वेळी पाणी ५५ फुटांच्या वर गेले. प्रयाग चिखली, आंबेवाडी ही गावे पाण्याने वेढली, आणि पुणे-बंगळूर महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला. नदीकाठची कुटुंबे उंचावरील शाळांत व सभागृहांत येऊन राहिली. त्यांस शिधा व पांघरुणे वाटावयाची होती. नावे कोणी वहीत, कोणी पाठकोऱ्या कागदावर लिहून आणलेली. ती संगणकात भरून एक यादी करण्याचे काम आम्ही हौसेने पत्करले.

घाई होती, म्हणून वयाचा रकाना आम्ही गाळला. मोबाईलचा रकाना बहुतेक कोराच होता. कोणाचा मोबाईल पुरात गेला होता, कोणाच्या घरी सर्वांत मिळून एकच होता. यादी पुरी होताच संगणकाने काही नावांवर ‘दुबार’ अशी खूण केली, आणि आम्ही ती नावे एकामागून एक खोडून टाकली. यादी कशी स्वच्छ झाली, म्हणून आम्हांस समाधान वाटले.

तिसऱ्या दिवशी आम्ही स्वतः वाटपास गेलो. एक वृद्ध बाई रिकाम्या हाताने बसून होत्या. त्यांचे नाव, पतीचे नाव, आडनाव आणि गाव ही चारही त्यांच्या भावकीतील एका तरुण सुनेशी तंतोतंत जुळत होती. संगणकाने दोघींस एक ठरविले आणि आम्ही त्यावर शिक्का मारला. वयाचा रकाना ठेवला असता, तर हे एका दृष्टिक्षेपात कळले असते. आम्ही क्षमा मागून नव्याने नाव लिहू लागलो, तेव्हा त्या रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, “नाव लिवून न्हेतासा खरं, परत कोण येणार हाय?”

बंधुभगिनींनो, त्या प्रश्नाचे उत्तर त्या क्षणी आमच्यापाशी नव्हते.

पुढे एका परदेशी विकाससंस्थेच्या याद्या तपासण्याचे काम आमच्याकडे आले. त्या देशाची भाषा आम्हांस येत नव्हती. एकच नाव रोमन लिपीत तीन प्रकारे लिहिलेले आढळे; उलट तीन माणसांची नावे एकसारखी दिसत. संगणकाने पूर्वीप्रमाणेच खुणा केल्या. या खेपेस आम्ही एकही नाव खोडले नाही. संशयास्पद जोड्यांची वेगळी यादी करून ती तेथील कार्यकर्त्यांकडे परत पाठविली. काम लांबले आणि आमच्यातील काहीजण कुरकुरलेही. पण ते कार्यकर्ते घरोघर गेले. काही जोड्या खरोखर एकाच व्यक्तीच्या निघाल्या. काही मात्र दोन निरनिराळ्या माणसांच्या होत्या. जे आम्हांस येथे बसून दिसणे शक्य नव्हते, ते त्यांस उंबरठ्यावर उभे राहताच दिसले.

नकाशाच्या कामातही हेच आढळते. जानेवारी २०१० मध्ये हैतीत भूकंप झाला, तेव्हा जगभरच्या स्वयंसेवकांनी घरी बसून त्याच्या राजधानीचा नकाशा थोड्याच दिवसांत रेखाटला. ‘ओपनस्ट्रीटमॅप’ या सर्वांस खुल्या असलेल्या नकाशावर ते काम झाले. परंतु दुरून पाहणाऱ्यास छप्पर दिसते. ते शाळेचे की गोठ्याचे, हे दिसत नाही. एप्रिल २०१५ मध्ये नेपाळात भूकंप झाला, त्यापूर्वीच काठमांडूच्या तरुणांनी आपल्या शहरातील शाळा व रुग्णालये या नकाशावर नोंदविण्याचे काम हाती घेतलेले होते. बाहेरून हजारो हात आले, ते या पायावर उपयोगी पडले.

नाव लिहून घेणे ही एक ठेव स्वीकारणे आहे, हेही ध्यानी ठेवावयास हवे. जानेवारी २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीच्या नोंदींवर संगणकी दरोडा पडल्याचे उघडकीस आले. पाच लाख पंधरा हजारांहून अधिक लोकांची माहिती परक्या हाती लागली. त्यांत युद्धामुळे कुटुंबापासून ताटातूट झालेले लोक होते, बेपत्ता झालेले होते, बंदिवासात असलेलेही होते. इतक्या अनुभवी संस्थेवर हा प्रसंग येतो, तर आपण एखाद्या गरिबाचे नाव, आजार व पत्ता मोबाईलवर सहज कोणाकडे पाठवितो, त्याचा विचार करावा. जी माहिती कामास लागत नाही ती विचारू नये. आणि जी घेतली ती काम संपल्यावर आपल्या यंत्रात ठेवू नये.

यावरून आम्ही आपल्यापुरते तीन नियम घालून घेतले आहेत. संगणकाने सुचविले म्हणून कोणाचे नाव खोडावयाचे नाही; जो त्या माणसास ओळखतो त्यास आधी विचारावयाचे. प्रत्येक यादीची एक प्रत कागदावर ठेवावयाची; कारण पुरात पहिली वीज जाते. आणि जेथे काम करू तेथील निदान दोघांस ते शिकवून मगच बाजूस व्हावयाचे. आमच्यावाचून जे चालत नाही, ते साहाय्य नव्हे. तो नवा परावलंबीपणा होय.

असल्या दक्षतेचा धडा आपल्या घरीच आहे. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ साली धर्मग्रामांतून विवाहाची नोंदवही नीट राखण्याचा नियम घातला, आणि बाप्तिस्म्याची नोंदवही तर आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. पन्नास वर्षांनी कोणी दाखला मागावयास आला, तर फादर कपाट उघडतात, वही काढतात आणि पानावर बोट ठेवतात. त्या नावाबद्दल उत्तर देणारा कोणीतरी असतो. लिहिणारे बदलतात, पण वही कोणाच्या ना कोणाच्या स्वाधीन असते.

म्हणून आजच्या सभेत आमची विनंती संगणक जाणणाऱ्यांस जितकी आहे, त्याहून अधिक न जाणणाऱ्यांस आहे. कळंब्यातील कोणत्या गल्लीत कोण एकटे राहते, कोणास ऐकू येत नाही, एका नावाच्या दोन बाया कोणत्या, हे आमच्या यंत्रास ठाऊक नाही. ते येथे बसलेल्या माता-भगिनींस ठाऊक आहे. पुढील पावसाळ्यापूर्वी आपल्या परिसरातील वृद्ध व आजारी माणसांची यादी आम्ही त्यांच्या संमतीने करणार आहोत. यादी आम्ही लिहू. तीतील प्रत्येक नाव आपण पाहून द्यावे, आणि पाणी चढू लागले की त्या दाराशी आपण व आम्ही मिळून जावे. या वेळी वयाचा रकाना पहिला आहे.