कंबरदुखी आणि मूत्रमार्ग

कंबर धरली की घरातील वडीलधारी मंडळी ‘उसण भरली’ असे निदान करून मोकळी होतात आणि तेल चोळून शेक देण्याची तयारी सुरू होते. पुष्कळदा हे निदान बरोबरच असते. बहुतेक कंबरदुखी स्नायूंमुळे वा मणक्यांमुळेच उद्भवते. परंतु केव्हा केव्हा दुखण्याचे मूळ मूत्रमार्गात असते, आणि मग शेकण्यात गेलेले चार दिवस महाग पडतात.

मूत्रपिंडे कण्याच्या दोन्ही बाजूंस, शेवटच्या बरगड्यांच्या आडोशाला असतात. म्हणून त्यांचे दुखणे कंबरेच्या किंचित वर, बहुधा एकाच कुशीत जाणवते. उसण भरलेला मनुष्य वाकला की कळवळतो, स्वस्थ पडला की त्यास आराम वाटतो. मूत्रपिंडाची वेदना कूस बदलल्याने फारशी हटत नाही.

मुतखड्याची कळ तर निराळीच. २५ ते ३० सेंटिमीटर लांबीच्या अरुंद मूत्रवाहिनीत खडा अडकला म्हणजे वर लघवी तुंबते आणि कुशीतून जांघेकडे उतरणारी कळ लाटेसारखी येते. रोगी येरझारा घालतो, गडबडा लोळतो. ओकारी होते, लघवी लालसर दिसते. ५ मिलिमीटरहून लहान खडे बहुधा आपोआप पडून जातात. कुळथाच्या कढणाने खडा विरघळेल असा भरवसा धरू नये. त्यातले पाणी मात्र उपयोगी खरे.

खरा धोका ज्वराचा. आधी उन्हाळी लागली, मागाहून थंडी वाजून ताप आला आणि कुशीत ठणका सुरू झाला, तर जंतू मूत्राशयातून वर मूत्रपिंडापर्यंत पोहोचल्याचा संशय घ्यावा. स्त्रियांची मूत्रनलिका अवघी ४ सेंटिमीटरची, म्हणून हा विकार त्यांना अधिक. गरोदरपणी तर विशेष जपावे लागते. संकोचामुळे कित्येकजणी उन्हाळीविषयी बोलत नाहीत, कंबर दुखते एवढेच सांगतात, आणि डॉक्टरांपर्यंत अर्धीच हकीकत पोहोचते. खडा अडकलेला असताना ताप आला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. तुंबलेल्या लघवीतील जंतुदोष रक्तात पसरून प्राणावर बेतू शकते.

याच्या उलटही घडते. कंबर दुखून पाय बधिर होतात आणि लघवी अडते, तेव्हा दोष मूत्रमार्गाचा नसून कण्यातील दबलेल्या मज्जातंतूंचा असू शकतो. तेथेही तास मोलाचे असतात.

तपासणीचा आरंभ लघवीच्या साध्या परीक्षेने होतो. पुढे गरजेप्रमाणे सोनोग्राफी. तोवर मनाने वेदनाशामक गोळ्या घेत राहू नये, कारण त्यांतील काही दुखावलेल्या मूत्रपिंडास अधिक इजा करतात.