डिझेलचा ग्रॅम कुठे जातो?



विषय जाहीर झाल्यापासून मला एकच प्रश्न विचारला जातोय: सगळ्यात जास्त अ‍ॅव्हरेज कुठलं डिझेल इंजिन देतं? सांगतो, पण आधी माप बदलू या. लिटरला किती किलोमीटर हे माप गाडीचं आहे. त्यात गाडीचं वजन येतं, घाट येतो, चालवणाऱ्याचा पाय येतो. नुसत्या इंजिनाची परीक्षा घ्यायची तर एक युनिट काम, म्हणजे एक किलोवॉट-तास, करायला किती ग्रॅम डिझेल लागलं ते तोलायचं. डिझेलमधली सगळी उष्णता कामाला लावता आली असती, तर साधारण ८४ ग्रॅममध्ये भागलं असतं. पण तसं होत नाही. १८९७ मध्ये आउग्सबुर्गला रुडॉल्फ डिझेलच्या इंजिनाची चाचणी झाली, तेव्हा २६ टक्के उष्णता कामी आली. आपल्या मापात सव्वातीनशे ग्रॅमच्या आसपास. एवढ्यावर तेव्हा वाहवा झाली, कारण चांगली वाफेची यंत्रंही याच्या निम्म्याच्या आसपासच घुटमळत होती.

आता उत्तर. अव्वल नंबर जहाजांच्या संथ, दोन-स्ट्रोक इंजिनांचा. २००६ साली पाण्यात उतरलेल्या ‘एमा मर्स्क’ या कंटेनर जहाजावरचं वार्टसिला-सुल्झर इंजिन घ्या. १४ सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ९६ सेंटिमीटर, स्ट्रोक अडीच मीटर, आणि फेरे मिनिटाला जेमतेम शंभर. युनिटला सुमारे १७० ग्रॅम! म्हणजे निम्मी उष्णता थेट पंख्याच्या दांड्यावर.

दोन-स्ट्रोक म्हटल्यावर काहींच्या भुवया उंचावलेल्या दिसताहेत. जुनी चेतक स्कूटर आठवली असणार, मागे निळा धूर सोडणारी. पण तिथे हवा आणि पेट्रोल मिसळूनच आत यायचं, आणि जळलेला वायू बाहेर ढकलताना ताज्या मिश्रणातलं थोडं पेट्रोलही फुकट निघून जायचं. डिझेलमध्ये सिलिंडर धुऊन काढते ती नुसती हवा. तेल नंतर, झडप बंद झाल्यावर फवारलं जातं. दोन-स्ट्रोकची बदनामी पेट्रोलच्या खात्यावर टाका.

मोठं इंजिन काटकसरी का? बशीत ओतलेला चहा कपातल्यापेक्षा लवकर निवतो, तेच कारण. पृष्ठभाग वाढला की उष्णता पळते. सिलिंडर मोठा होत जातो तसं आतलं आकारमान घनाच्या प्रमाणात वाढतं आणि भिंत वर्गाच्या, त्यामुळे दर ग्रॅम जळणामागे भिंतीच्या वाट्याला कमी उष्णता येते. शिवाय संथ गतीमुळे तेलाला पुरतं जळायला सवड मिळते.

हीच भिंत छोट्या गाड्यांत आडवी आली. १९९८ ची इंडिका आठवा. तिचं १.४ लिटरचं डिझेल इंजिन अप्रत्यक्ष फवारणीचं होतं: तेल मुख्य सिलिंडरमध्ये न जाता शेजारच्या छोट्या कोठडीत फवारायचं, तिथे हवेचा भोवरा, ज्वलनाची सुरुवात तिथे, आणि मग अरुंद तोंडातून ज्वाला बाहेर. आवाज कमी, फवारणीचा दाब कमी, पंप स्वस्त. मात्र कोठडीची भिंत उष्णता खाते आणि अरुंद तोंडातून वायू ढकलण्यात ताकद जाते. गंमत अशी की पुस्तकात शिकवतात, दाबगुणोत्तर जास्त तर कार्यक्षमता जास्त. या जातीच्या इंजिनांचं गुणोत्तर वीस-बावीस, थेट फवारणीच्या इंजिनांचं सोळा-अठरा. तरीही थेट फवारणी दहा-पंधरा टक्के तेल वाचवते! वीस-बावीस लागतंच मुळी थंड कोठडीत तेल पेटावं म्हणून. पुढे फवारणीची कॉमन रेल पद्धत आली, हजार बारच्या वर दाब आला, आणि कोठडीची गरजच उरली नाही. रांजणगावला बनलेलं १.३ लिटरचं फियाट इंजिन त्याच पिढीचं. टर्बोबद्दल एवढंच सांगतो, की त्याचा मोठा फायदा म्हणजे मोठ्या इंजिनाचं काम छोट्याकडून होतं आणि घर्षणाचा वाटा घटतो.

माझ्या मते खरी गोष्ट या घर्षणातच आहे, आणि तुलनेच्या तक्त्यांत नेमकी तीच सापडत नाही. अभियांत्रिकी कॉलेजात शिकलेल्यांना पाच एचपीचं, १५०० फेऱ्यांचं किर्लोस्करचं एक-सिलिंडरी इंजिन ओळखीचं असेल. त्यावर विलान्स रेषेचा प्रयोग करतात: भार वाढवत तेल मोजायचं, आलेख काढायचा, आणि रेषा मागे शून्य तेलापर्यंत वाढवायची. ती शून्य भाराच्या अलीकडे जिथे टेकते, तेवढी ताकद इंजिन स्वतःवरच खर्च करतं. समजा ती दीड एचपी निघाली. पूर्ण भाराला इंजिन साडेसहा एचपी पैदा करतं आणि पाच आपल्याला देतं. युनिटला अडीचशे ग्रॅम धरू. त्याच इंजिनाला दीड एचपीचा पंप जोडला, की जेवढं पाण्याला तेवढंच घर्षणाला. आकडा जातो पावणेचारशेच्या पुढे. म्हणजे १८९७ च्याही मागे! विहिरीवर ‘असू दे मोठं’ म्हणून बसवलेलं इंजिन असंच डिझेल पितं.

जहाजवाल्यांनी मात्र यातही एक पळवाट काढली. २००८ च्या मंदीनंतर त्यांनी जहाजं हळू चालवायला घेतली. त्यामुळे इंजिनं कमी भारावर आली, युनिटमागचे ग्रॅम थोडे वाढले. पण जहाजाला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. २४ नॉट्सवरून २० वर आलं, की ताकद जवळजवळ ५८ टक्क्यांवर येते. प्रवासाला वेळ जास्त लागतो, तो धरूनही तेवढ्याच अंतराचं तेल तीस टक्क्यांच्या आसपास वाचतं. तेही इंजिनाचा एक नटसुद्धा न बदलता.