सिस्टर कॉलेजात गेल्या, तर वॉर्डात कोण?

आजचा भाग नर्सिंगवर आहे. पण नर्सिंगला जावं की नाही, हा विषय नाही. ज्यांचं जीएनएम झालंय, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलमध्ये नोंदणी झालीय आणि नोकरीला पाच-सात वर्षं होऊन गेलीत, त्यांनी पुन्हा कॉलेजात जाऊन पदवी घ्यावी का, यावर बोलूया. मी स्वतः जीएनएम आहे, बुलढाणा जिल्ह्यातल्या एका खाजगी दवाखान्यात काम करते आणि यंदा हाच हिशेब मांडून बसले आहे.

जीएनएम ही पदविका. त्यावर पदवी हवी असेल तर पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग करायचं. देशात असा दोन वर्षांचा कोर्स 1963 मध्ये त्रिवेंद्रमला सुरू झाला. आपल्याकडे त्याची परीक्षा नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ घेतं. दुसरी वाट इग्नूची. 1994 पासून नोकरी करणाऱ्या नर्ससाठी त्यांचा किमान तीन वर्षांचा दूरशिक्षणाचा कोर्स आहे. बारावीनंतर जीएनएम केलं असेल तर दोन वर्षांचा अनुभव लागतो, दहावीवर केलं असेल तर पाच वर्षांचा.

घरी पहिला प्रश्न ठरलेला: "सुई टोचता येते, सलाइन लावता येतं, मग आता काहून शिकतेस?"

प्रश्न चुकीचा नाही. म्हणून उदाहरण देते. अंथरुणाला खिळलेल्या पेशंटची कूस दर दोन तासांनी बदलायची, हे प्रत्येक सिस्टरला माहीत असतं. पण आपल्या वॉर्डात या महिन्यात किती जणांना बेडसोअर झाले, कोणत्या शिफ्टमध्ये कूस बदलायची राहून गेली, हे मोजायचं कसं आणि मेट्रनसमोर मांडायचं कसं? पदवीच्या दुसऱ्या वर्षाला नर्सिंग संशोधन आणि सांख्यिकी, प्रशासन, अध्यापन, समाजशास्त्र हे विषय असतात. हात आधीच तयार असतो. इथे आकड्यांनिशी बोलायला शिकवतात. शिवाय पुढे एम.एस्सी. करायचं तर पदवी लागतेच.

याचा पेशंटला काही फायदा? 2014 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला होता. युरोपातले 9 देश, 300 रुग्णालयं, ऑपरेशन झालेले चार लाखांहून जास्त पेशंट. जिथे पदवीधर नर्सचं प्रमाण 10 टक्क्यांनी जास्त, तिथे 30 दिवसांत पेशंट दगावण्याची शक्यता 7 टक्क्यांनी कमी दिसली. पण त्याच अभ्यासातला दुसरा आकडा ऐका. एका नर्सच्या वाट्याला एक पेशंट वाढला, की तीच शक्यता 7 टक्क्यांनी वाढलेली दिसली.

आता हे दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघा. एक सिस्टर शिकायला गेली आणि तिच्या जागी कुणीच आलं नाही, तर तिचे पेशंट उरलेल्या सिस्टरांवर पडणार. म्हणजे उद्याच्या फायद्याची किंमत आजचा वॉर्ड मोजणार. म्हणून मला वाटतं, हा एकट्या सिस्टरच्या हौसेचा प्रश्न नाहीच. ती गेल्यावर तिची जागा कोण भरणार, याचं उत्तर दवाखान्याने द्यायला हवं.

आणि सुट्टी तरी सगळ्यांना सारखी कुठे मिळते? सरकारी कायम नोकरी असेल तर महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, 1981 मध्ये अध्ययन रजेची तरतूद आहे. मागितली की मिळतेच असं नाही, पण निदान अर्ज करायला नियम आहे. कंत्राटी सिस्टरला कंत्राट टिकवायची चिंता. खाजगीत तर राजीनामा देऊनच जावं लागतं. दोन वर्षं पगार नाही, वर फी, खोलीभाडं, आणि घरी लहान लेकरू. मार्च 2023 पासून बायांना एसटीचं अर्धं तिकीट आहे, तेवढाच आधार.

बुलढाण्यात 2024 मध्ये 100 जागांचं सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालंय. डॉक्टर इथे घडणार, ही आनंदाचीच गोष्ट. पण त्यांच्या शेजारी उभ्या राहणाऱ्या नर्सलाही शिकायची वाट याच जिल्ह्यातून सोपी व्हावी, एवढं तर मागूच शकतो ना आपण?

तोपर्यंत ज्यांचं ठरतंय त्यांच्यासाठी तीन गोष्टी. एक, फी भरण्याआधी कॉलेजला भारतीय नर्सिंग परिषदेची आणि राज्य कौन्सिलची मान्यता आहे का, विद्यापीठाशी संलग्न आहे का, हे स्वतः तपासा. एजंटच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. दोन, रजा किंवा परत कामावर घ्यायचा शब्द लेखी घ्या. तीन, मूळ कागदपत्रं स्वतःच्या ताब्यात ठेवा. माझ्या ओळखीच्या एका सिस्टरची प्रमाणपत्रं दवाखान्यात अडकली आणि प्रवेशाची तारीख निघून गेली.

ब्रदर मंडळींनो, तुम्हालाही हे सगळं लागू आहे बरं का.

हा भाग एखाद्या सिस्टरला पाठवालच. पण तिच्या नवऱ्याला, सासूबाईंना आणि जमलं तर तिच्या दवाखान्याच्या डॉक्टरांनाही पाठवा. तिच्या दोन वर्षांचा निर्णय बऱ्याचदा त्यांच्याच हातात असतो. भेटूया पुढच्या भागात. काळजी घ्या!