मागच्या चाकातला दुसरा गिअर



चाकणजवळच्या महाळुंग्यात कारखान्यांची पहिली पाळी सुटली की चाकण–तळेगाव रस्त्यावर कंपन्यांच्या बसगाड्या, कंटेनर, टेम्पो आणि मोटारसायकली यांची एकच झुंबड उडते. त्या झुंबडीच्या डाव्या अंगाला, रस्त्याची कड धरून, सायकली चाललेल्या असतात. कुणी खराबवाडीचा, कुणी खालुंब्र्याचा, कुणी येलवाडीहून येणारा. कंत्राटावरचा माणूस, कंपनीच्या बसमध्ये त्याला जागा नाही. सायकल काळी, अठ्ठावीस इंची, कॅरिअरला डबा बांधलेला, आणि गिअर एकच. आठ तास जो माणूस पाच-सहा गिअरच्या गाड्यांचे भाग हाताळतो, तो घरी जाताना समोरून वारा आला की उभा राहून पायडल मारतो. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा सुटला, की तळेगावच्या दिशेने जाणाऱ्याला ते रोजचंच.

या सायकलला दुसरा गिअर बसवता येतो. मी बाहेरून लटकणाऱ्या, चेन इकडून तिकडे उडवणाऱ्या गिअरबद्दल बोलत नाही. तो आपल्या धुळीत आणि चिखलात फार दिवस नीट राहत नाही, एखादी काटकी मध्ये आली की वाकतो, आणि त्याची केबल ओढून बघितल्याशिवाय शेजारच्या पोराला चैन पडत नाही. मी बोलतोय तो मागच्या हबच्या पोटात बसणाऱ्या गिअरबद्दल. याला बाहेर केबल नाही, हँडलवर खटका नाही. पायडल किंचित उलटं मारलं की गिअर बदलतो, पुन्हा मारलं की परत येतो.

आत काय असतं? ॲक्सलवर एक छोटं दातेरी चाक पक्कं बसवलेलं असतं, ते फिरत नाही. त्याच्याभोवती तीन-चार लहान चाकं फिरतात आणि त्या सगळ्यांना वेढणारी, आतल्या बाजूला दात असलेली एक कडी असते. भोसरी-चाकणच्या कारखान्यांत ज्यांनी प्लॅनेटरी गिअर पाहिला आहे, त्यांना यात नवं काही नाही. मोटारीच्या अनेक स्टार्टरमध्ये हीच रचना वेग कमी करायला वापरतात. सायकलमध्ये ती उलटी वापरतात: लहान चाकांचा सांगाडा चेनने फिरवला, की बाहेरची कडी त्याच्यापेक्षा जोरात फिरते. किती जोरात, हे दातांवर ठरतं. स्टर्मी-आर्चर या हब बनवणाऱ्या कंपनीच्या १९३६ पासून चालत आलेल्या तीन गिअरच्या हबमध्ये मधलं चाक २० दातांचं आणि कडी ६० दातांची. वीस भागिले साठ म्हणजे एक तृतीयांश, म्हणून वरचा गिअर तेहतीस टक्के जलद. सांगाडा आणि हब थेट एकमेकांना जोडले, की चेनचा वेग जसाच्या तसा चाकाला मिळतो. तिच्याच दोन गिअरच्या हबमध्ये थेट जोडणी हा खालचा गिअर असतो आणि वरचा सुमारे ३८ टक्के जलद.

कल्पना जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडमध्ये विल्यम रायली याने दोन वेगांचा हब बनवला. १९०२ साली नॉटिंगहॅमला स्टर्मी-आर्चरची कंपनी उभी राहिली. पुढे जर्मनीत श्वाइनफुर्टच्या फिख्टेल उंड झाक्सने पायाने बदलणारा ड्युओमॅटिक आणला. स्टर्मी-आर्चर २००० साली तैवानच्या कंपनीकडे गेली, आणि एस टू सी नावाचा दोन गिअरचा, उलट्या पायडलवर ब्रेक लागणारा हब तिचाच. आपल्याकडे गिअर म्हणजे दमलेल्या माणसाची सोय, असं तरुण पोरांना वाटतं. तसं वाटणाऱ्यांमध्ये टूर द फ्रान्सचे जनक आंरी देग्रांजही होते. त्या शर्यतीत चेन उडवणारा गिअर १९३७ साली कुठे मान्य झाला. पण शर्यत वेगळी आणि पाळी सुटल्यावरचं घर वेगळं.

आता हिशेब. इथेच बहुतेकांची गल्लत होते. आपल्या काळ्या सायकलला समजा पुढे ४८ दातांचं चेनव्हील आणि मागे १८ दातांचं फ्रीव्हील आहे. पायडलचा एक फेरा मारला की सायकल जवळजवळ ६ मीटर जाते. मागे तेवढेच दात ठेवून नुसता नवा हब बसवला, तर खालचा गिअर तोच ६ मीटरचा आणि वरचा ८ मीटरच्याही वर जातो. डबा, रेनकोट आणि मागे बसलेला मित्र घेऊन ८ मीटर कोण ओढणार? लोक म्हणतात, ‘गिअर बसवला पण चढाला तसाच दम लागतो.’ लागणारच. आपल्याला दुसरा गिअर वरच्या बाजूला नको, खालच्या बाजूला हवा आहे. म्हणून पुढे ४४ आणि मागे २२ दात घ्यावेत. मग वरचा गिअर सुमारे ६.२ मीटरचा, म्हणजे जवळपास सवयीचाच, आणि खालचा साडेचार मीटरचा. इंद्रायणी नदीच्या पुलावरून वर येताना हा साडेचारचा गिअरच कामाला येतो. चेनव्हील बदलायचं नसेल तर ४८ आणि २२ ठेवा; ४.९ आणि ६.७ मिळतात. माझं मत ४४ ला आहे.

काम मिस्त्रीकडून करून घ्यावं, पण समोर बसून. पहिली अडचण रिमची. आपल्या काळ्या सायकलच्या मागच्या रिमला बहुधा ४० भोकं असतात आणि पुढच्या रिमला ३२. हे हब मात्र बहुधा ३६ भोकांचे येतात. म्हणजे रिम वेगळी आणि स्पोकही वेगळ्या लांबीचे. मिस्त्री म्हणेल, ‘जुनेच भरतो, चालतंय.’ चालत नाही. हब हातात आल्यावर लांबी मोजूनच स्पोक आणावेत. चाक भरताना तो स्पोक एकमेकांवरून नेतो, निपल हलक्या हाताने लावतो, मग चाक चिमट्यात धरून फिरवतो आणि रिमजवळ खडू टेकवतो. जिथे खडूची रेघ उमटते तिथे चाक आऊट, म्हणजे वाकडं आहे. त्या बाजूचे निपल पाव फेरा ढिले, समोरचे पाव फेरा घट्ट. असं करत करत रेघ चाकभर सारखी लागायला लागली, की आऊट निघाला. हे काम घाईत होत नाही, म्हणून शनिवारी संध्याकाळी दुकानात गर्दी असताना जाऊ नये.

खर्चाचं स्पष्ट सांगतो. हब, रिम, स्पोक, चेनव्हील आणि मजुरी धरली, तर जुनी सायकल विकून जेवढे पैसे येतील त्याहून जास्त लागू शकतात. रोज सपाट दोन किलोमीटर जाणाऱ्याने या भानगडीत पडू नये. ज्याचा रस्ता लांब आहे, चढाचा आहे, आणि सायकलची फ्रेम मजबूत आहे, त्यालाच हे परवडतं.

हब बसवताना आणखी एक गोष्ट पाहा. ब्रेकवाल्या हबला डाव्या बाजूला एक लोखंडी पट्टी असते. ती मागच्या खालच्या नळीला क्लिपने घट्ट बांधलीच पाहिजे, नाहीतर ब्रेक मारताच ॲक्सल फिरतो. चेन जुन्याच मापाची चालते; ४८ आणि २२ ठेवले असतील तरच कड्या वाढवाव्या लागतील. मधोमध बोटाने दाबल्यावर ती साधारण अर्धा इंच खाली-वर झाली पाहिजे.

पहिले काही दिवस सवयीचा त्रास होतो. स्पीडब्रेकरआधी पाय सहज मागे फिरवायची आपल्याला सवय, आणि तेवढ्याने गिअर बदलतो. चौकात उभं राहून पायडल वर घ्यायला मागे फिरवलं, तरी बदलतो. म्हणून रविवारी एमआयडीसीच्या आतल्या मोकळ्या रस्त्यावर फेऱ्या मारून पाय बसवून घ्यावा. आठवडाभराने स्पोक पुन्हा घट्ट करून घ्यावेत, कारण नवं चाक थोडं सैल पडतंच. आणि पुढचा ब्रेक काढू नका, मिस्त्रीने कितीही सांगितलं तरी. चेन निसटली किंवा तुटली, की पायडलचा ब्रेक त्याच क्षणी जातो, आणि तुमच्या मागे कंटेनर असतो.