तहान पाण्याची, भूक दुधाची

उन्हातान्हातून आलेल्या पाहुण्यापुढे आपल्याकडे प्रथम गूळपाणी ठेवतात आणि आजारातून उठलेल्या माणसाच्या उशाशी दुधाचा पेला ठेवतात. या दोन साध्या रिवाजांत पाणी आणि दूध यांची कामे पूर्वजांनी जितकी नेमकी वाटून दिली आहेत, तितकी ती आज आपल्या घरांत राहिलेली नाहीत. तहानलेल्या मुलाला पाण्याऐवजी दूध पाजणारी माता आणि पुरवठ्यास यावे म्हणून दुधात पाणी घालणारा गृहस्थ, हे दोघेही आपल्या लेकरांच्या हितासाठीच झटत असतात; परंतु अन्न कोणते आणि पेय कोणते, याविषयी दोघांच्याही मनात घोटाळा असतो.

दुधाचा जमाखर्च मांडून पाहू. गाईच्या दुधाच्या शंभर भागांत सुमारे 87 भाग पाणीच असते. म्हशीच्या दुधात ते काहीसे कमी आणि स्निग्धांश अधिक. उरलेल्या भागात प्रथिने, स्निग्ध पदार्थ, दुग्धशर्करा आणि हाडे व दात घडविणारे चुन्याचे क्षार असतात, आणि दुधाचे सारे मोल त्यांतच आहे. म्हणून दूध हे पातळ असले तरी अन्न होय. मात्र या संपन्न अन्नात लोहाचा अंश फारच अल्प असतो. दिवसभर दुधावरच पोट भरणाऱ्या बालकाची भाकरी, डाळ व पालेभाजी यांवरील वासना उडते आणि ते गुटगुटीत दिसत असतानाच पांडुरोगाला बळी पडते. प्रौढांपैकी अनेकांना दुग्धशर्करा पचत नाही, त्यांचे पोट फुगते. अशांनी दुधाला नावे न ठेवता दही-ताकाचा आश्रय करावा, कारण विरजणाने त्या शर्करेचा काही भाग आम्लात रूपांतरित झालेला असतो.

पाण्यात पोषण नाही, पण त्यावाचून पोषणाचा एक कणही देहात इष्ट स्थळी पोचत नाही. रक्ताचा प्रवाह, मूत्रपिंडांचे शोधनकार्य आणि घामावाटे होणारे शरीराचे शीतलीकरण हे सर्व पाण्याच्याच दिमतीने चालते. शेतात राबणाऱ्याची तहान दुधाने शमवू पाहणे म्हणजे त्याच्या जठरावर भलत्या वेळी पचनाचा भार लादणे होय. याला अपवाद एकच: सहा महिन्यांच्या आतील तान्ह्या बाळाला आईच्या दुधातच अन्न व पाणी दोन्ही मिळतात, त्याला वरचे पाणीही देऊ नये.

परंतु या दोहोंचे गुण शुद्धतेवाचून व्यर्थ आहेत. पायऱ्यांच्या विहिरींत उतरून पाणी भरणाऱ्या आपल्या कित्येक गावांत नारू या कृमिरोगाचा उपद्रव पिढ्यान्‌पिढ्या होता. रोग्याचा जखमी पाय पाण्यात बुडे, कृमीची पिल्ले पाण्यातील सूक्ष्म किड्यांत वाढत, आणि ते पाणी पिणाऱ्याच्या पायातून वर्षभराने नवा नारू डोके काढी. या रोगावर लस नव्हती, हुकमी औषधही नव्हते. पायऱ्यांच्या विहिरींचा बंदोबस्त झाला, पाणी कापडातून गाळून पिण्याची शिस्त घराघरांत रुजली, आणि 2000 साली भारत नारूमुक्त झाल्याचा दाखला जागतिक आरोग्य संघटनेने दिला. नारूला गाळणे पुरले. पटकी व विषमज्वर यांच्या जंतूंना मात्र उकळीच हवी. दुधाचेही तसेच: कच्च्या दुधातून क्षयाचे जंतू येऊ शकतात, म्हणून ते तापवूनच घ्यावे. आणि ज्याने दुधात ओढ्याचे पाणी मिसळले, त्याने तर ग्राहकाचे पैसे घेऊन त्याच्या घरी रोग पोचविला.

तेव्हा श्रोतेहो, तहानेला पाणी आणि भुकेला दूध, एवढा विवेक आपण पाळू या. आज निजण्यापूर्वी पिण्याच्या पाण्याच्या हंड्यावर झाकण आहे ना, आणि त्यात हात बुडू नये म्हणून लांब दांड्याचे ओगराळे जवळ ठेवले आहे ना, एवढे प्रत्येकाने पाहावे.