‘नाही समजलं’ म्हणता येईल असा वर्ग

(रेवदंडा येथे अभ्यासवर्गाच्या स्वयंसेवकांसमोर केलेलं भाषण)



मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो, मी प्रशिक्षित शिक्षक नाही. महिन्यातून दोन रविवार पुण्याहून घरी येतो आणि इथल्या सहावी-सातवीच्या मुलांना गणित शिकवतो. आता तुम्हीही वर्ग घेणार आहात, म्हणून माझी एक चूक सांगतो.

अपूर्णांक चालू होते. मागे बसणाऱ्या एका मुलानं उत्तर दिलं. उत्तर बरोबर होतं, पण घरच्या कोकणी बोलीत. पोरं हसली. मीही हसलो. पुढचे दोन वर्ग तो आलाच नाही. मग त्याच्या घरी गेलो. खालांनी चहा दिला, तक्रार केली नाही. “त्याला गणित जमत नाही, सर,” एवढंच म्हणाल्या. गणित त्याला जमत होतं. जमत नाही असं त्यानं घरी सांगण्याची वेळ मी आणली होती.

तो परत आला त्या दिवशी मी सगळ्यांसमोर म्हणालो, “मी हसलो, ते चुकलं.” मग त्यालाच विचारलं, होडीवर मासळीचे वाटे कसे पडतात? मालकाचा किती, खलाशांचे किती, हे त्यानं फळ्यावर मांडलं. बेरजेत मी दोनदा चुकलो, त्यानं दुरुस्त केलं. त्याच तासाला आणखी तीन मुलं म्हणाली, “सर, कालचं आम्हालाही नाही समजलं.”

हा एकट्या मुलाचा प्रश्न नाही. खाडीपलीकडे कोर्लईत ख्रिस्ती कुटुंबं पोर्तुगीज आणि मराठीतून घडलेली बोली बोलतात. पोर्तुगीज १७४० मध्ये गेले, बोली राहिली. ते तिला ‘नौ लिंग’, म्हणजे आपली भाषा म्हणतात. त्यांची मुलं शिकतात मराठीत. आपल्यातली कितीतरी मुलं घरी कोकणी बोलतात आणि शाळेत उर्दू किंवा प्रमाण मराठीत शिकतात. म्हणजे धड्याआधी त्यांना एक भाषा ओलांडावी लागते. तिथेच कुणी हसलं, तर मूल गप्प बसतं आणि आपण त्याला ‘ढ’ म्हणतो.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम २९ सांगतं की, मूल भीतीपासून मुक्त असावं, त्याला मोकळेपणानं बोलता यावं आणि शक्य तिथे शिक्षण मातृभाषेतून मिळावं. पण वर्गात हे कायदा आणत नाही, समोर उभा असलेला माणूस आणतो.

आमच्या कामात चूक दाखवणाऱ्यालाच झापलं, तर पुढची चूक कुणी दाखवत नाही. ती ग्राहकाकडे गेल्यावर कळते. वर्गातली लपलेली चूक दहावीच्या निकालात कळते, आणि तेव्हा उशीर झालेला असतो.

म्हणून पहिल्या दिवशी तीनच गोष्टी करा. प्रत्येकाचं नाव त्याच्या घरी उच्चारतात तसं शिकून घ्या. उत्तर कुठल्याही बोलीत आलं तरी आधी ते बरोबर आहे का ते बघा, प्रमाण शब्द नंतर द्या. आणि स्वतः चुकलात, तर मुलांसमोर मान्य करा.