परराष्ट्रनीतीची चर्चा चव्हाट्यावर

(एका ग्रामवाचनालयाच्या सभेंत केलेलें भाषण)



आजचा विषय ऐकून कांहीं मंडळी हंसली, तें आम्हीं पाहिलें. "मास्तर, सोसायटीचें कर्ज कसें फिटेल तें सांगा, परराष्ट्रनीति घेऊन काय चाटायची?" असा तो भाव. प्रश्न रास्त आहे. परंतु ज्या गांवचीं पोरें फौजेंत आहेत, त्या गांवानें तो विचारूं नये. राजधानींत एक ओळ चुकीची लिहिली गेली, तर तिचा हिशेब कोणाच्या ओसरीवर चुकता होतो, हें साताऱ्याकडील अपशिंग्यासारख्या गांवांना पुस्तकांतून शिकावें लागत नाहीं.

तेव्हां परराष्ट्रांचा कारभार चार जाणत्यांनीं बंद खोलींत करावयाचा, कीं त्या जाणत्यांना रयतेसमोर उभें करून प्रश्न विचारावयाचे, या एका गोष्टीवर आम्ही बोलणार आहोंत. नुसता उपदेश करण्यापेक्षां घडलेली हकीगत सांगतों. ती अमेरिकेंतली आहे, १९६६ सालची.

तिच्यासाठीं दीड वर्ष मागें जावें लागतें. १९६४ च्या ऑगस्टांत व्हिएतनामजवळच्या टोंकिनच्या आखातांत अमेरिकेच्या लढाऊ जहाजावर २ तारखेस टॉर्पेडो बोटींनीं हल्ला केला. ४ तारखेस दुसऱ्या हल्ल्याची बातमी आली. अध्यक्ष जॉन्सन यांनीं लोकप्रतिनिधींकडे युद्धाचा मोकळा अधिकार मागितला आणि ७ तारखेस तो मिळालाही. खालच्या सभागृहांत ४१६ विरुद्ध शून्य, सिनेटमध्यें ८८ विरुद्ध २. ते दोघे म्हणजे ऑरेगॉनचे वेन मॉर्स आणि अलास्काचे अर्नेस्ट ग्रूनिंग. त्यांचीं नांवें मुद्दाम घेतों, कारण अशा वेळीं एकट्यानें हात वर करणें फार कठीण असतें.

कोऱ्या स्टँपावर आंगठा उठविला म्हणजे पुढें काय होतें, हें आपल्या आज्या-पणज्यांना सावकारानें शिकविलें होतें. त्या ८८ शहाण्यांना तें कोणीं शिकविलें नव्हतें. आणि ज्या दुसऱ्या हल्ल्याच्या जोरावर हा कागद झाला, तो हल्ला झालाच नव्हता! अमेरिकेच्याच गुप्त खात्याच्या इतिहासकारानें तें कागदपत्रांवरून दाखविलें, आणि त्याचें लिखाण खुलें झालें २००५ सालीं. एकेचाळीस वर्षें गेलीं.

तो ठराव सिनेटमध्यें पार पाडणारे गृहस्थ होते आर्कान्सासचे विल्यम फुलब्राइट, परराष्ट्रकमिटीचे अध्यक्ष. १९६५ च्या अखेरीस व्हिएतनामांतली अमेरिकन फौज १ लाख ८० हजारांवर गेली. फुलब्राइट यांचे डोळे तोंवर उघडले होते. सरकारनें परदेशी मदतीची एक पुरवणी मागणी कमिटीकडे पाठविली, तीच त्यांनीं धरली. पैसे मागतां ना? मग ते कशाला हवेत, तें लोकांसमोर येऊन सांगा. असें म्हणून त्यांनीं जाहीर साक्षी लावल्या. २८ जानेवारीस सुरुवात झाली, १८ फेब्रुवारीस शेवट. खोलींत टेलिव्हिजनचे कॅमेरे.

परराष्ट्रमंत्री डीन रस्क आले आणि त्यांनीं तासन्‌तास उत्तरें दिलीं. मत कांहीं असो, बसले हें खरें. संरक्षणमंत्री मॅक्नमारा यांनीं उघड्यावर बोलण्यास नकार दिला. अध्यक्ष जॉन्सन एकाएकीं होनोलुलूस निघून गेले आणि तेथें दक्षिण व्हिएतनामच्या पुढाऱ्यांबरोबर त्यांनीं परिषद भरविली. वर्तमानपत्रांचीं तोंडें तिकडे वळावीं म्हणून हा घाट, असें तेव्हांच बोललें गेलें.

साक्षीदार कोण होते तेंही पाहा. जनरल जेम्स गॅव्हिन दुसऱ्या महायुद्धांत छत्रीधारी सैनिकांसह स्वतः उडी घेतलेले. त्यांनीं सांगितलें, किनाऱ्यावरचीं ठाणीं धरून बसा, लढाई वाढवूं नका. १० फेब्रुवारीस जॉर्ज केनन आले. रशियाच्या विस्ताराला बांध घालावा, हें धोरण ज्या लेखानें गाजलें, तो १९४७ सालीं 'एक्स' या खुणेखालीं छापलेला लेख यांचाच. म्हणजे कोणी त्यांना साम्यवाद्यांचा हस्तक म्हणूं शकत नव्हता. ते म्हणाले, आपण तेथें आधींच अडकलों नसतों, तर आतां जावें असें एकही कारण मला दिसत नाहीं. घाईनें पळूनही येऊं नका, पण लढाई वाढवूं नका आणि जमेल तितक्या लवकर अंग काढून घ्या. उलट बाजूनें जनरल मॅक्सवेल टेलर यांनीं युद्ध चालूं ठेवण्याची बाजू तितक्याच ठामपणें मांडली.

याच टेलरसाहेबांना मॉर्स म्हणाले कीं, फार दिवस जाणार नाहींत, अमेरिकन लोकच हें युद्ध झिडकारतील. टेलर उत्तरले, हें ऐकून हनोईला आनंद होईल. हनोई म्हणजे शत्रूची राजधानी. पाहिलेंत? प्रश्न विचारणारा शत्रूचा दोस्त ठरला. हें हत्यार सर्व देशांत सर्व काळीं एकच असतें, आणि धार लावण्याचा खर्चही नसतो.

आतां मायभगिनींनीं नीट ऐकावें. केनन यांची साक्ष चालली होती, त्या वेळीं सीबीएस या बड्या टेलिव्हिजन कंपनीनें ती न दाखवितां 'आय लव्ह लूसी' या विनोदी मालिकेचा जुनाच भाग पुन्हां लावला. आधींच्या कांहीं साक्षी तिनें दाखविल्या होत्या. परंतु जाहिरातींचा पैसा बुडत होता. बातमीखात्याचे प्रमुख फ्रेड फ्रेंडली यांनीं यावर राजीनामा दिला. वरच्यांचें म्हणणें काय होतें, तें त्यांनीं पुढें आपल्या पुस्तकांत लिहिलें: दिवसा घरीं बायका असतात, त्यांना व्हिएतनामच्या चर्चेशीं काय कर्तव्य!

घरीं बायका होत्या! अहो, त्या बायका म्हणजेच त्या सैनिकांच्या आया. ज्याचें नांव कॉलेजांत, त्याची सक्तीची भरती पुढें ढकलून मिळत असे. कॉलेज न परवडणाऱ्या गोऱ्या मजुरांचीं आणि काळ्या लोकांचीं मुलें मात्र बंदूक उचलीत होतीं. ज्या माउलीनें मूल दिलें, तिला कळणार नाहीं; ज्यानें जाहिरात दिली, त्याला कळतें! "तुम्हांला काय समजतें?" हें वाक्य आपल्याकडे ज्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या ऐकलें, त्यांना याचा अर्थ फोडून सांगावयास नको.

फुलब्राइट यांना आम्ही देव्हाऱ्यांत बसवीत नाहीं. व्हिएतनामी माणसासाठीं ज्यांचें मन पाघळलें, त्यांनींच १९५६ सालीं काळ्या-गोऱ्या मुलांना एका शाळेंत बसविण्याविरुद्धच्या जाहीरनाम्यावर सही केली होती. शाळामास्तरला तें विसरतां येत नाहीं. परंतु त्यांनीं उघडलेलें दार चांगलें होतें.

त्या दारानें युद्ध थांबलें काय? नाहीं. १ मार्च १९६६ ला मॉर्स यांनीं तो कोरा कागद रद्द करण्याची सूचना आणली. ती ९२ विरुद्ध ५ मतांनीं बाजूस सारली गेली. मागें दोन होते, आतां पांच; फुलब्राइट त्यांत होते. तो ठराव रद्द झाला १९७१ च्या जानेवारींत. युद्ध संपलें १९७५ त. अमेरिकेचे ५८ हजारांहून अधिक सैनिक गेले, व्हिएतनामी माणसें तर लाखांनीं मेलीं. न येणाऱ्या मॅक्नमारांनीं आपलें चुकल्याचें पुस्तकांत लिहिलें, तें १९९५ सालीं.

मग उपयोग काय झाला, असें कोणी म्हणेल. आमच्या मतें हा कीं, युद्धाला विरोध म्हणजे पोरांचा पोरकटपणा, ही समजूत मोडली. लोकांनीं घरबसल्या पाहिलें कीं जाणत्यांतही दोन तट आहेत, जनरलही जनरलाशीं सहमत नाहीं. आपल्याला नकाशा वाचतां येत नसेल. परंतु सरळ उत्तर कोण देतो आणि कोण टाळतो, हें ओळखण्यास डिग्री लागत नाहीं. बाजारांत बैल घेतांना आपण दुसरें काय करतों?

हल्लीं जाणत्यांच्या परिषदा पुष्कळ होतात. जर्मनींत म्यूनिकला १९६३ पासून भरते, आपल्या दिल्लींत 'रायसीना डायलॉग' २०१६ पासून. तेथें मंत्री, सेनापति, पंडित बोलतात. ऐकण्यासारखें असतें, जरूर ऐकावें. मात्र तेथें कोणाचे पैसे अडत नाहींत, म्हणून उत्तर देण्याची सक्तीही कोणावर नसते. आपल्या संसदेची परराष्ट्रव्यवहारांची स्थायी समिति आहे. ती खात्याच्या अधिकाऱ्यांना बोलावून विचारते, परंतु दारें लावून. अहवाल तेवढा छापून सभागृहापुढें येतो. कांहीं गोष्टी गुप्त राहिल्याच पाहिजेत, हें आम्हांस मान्य आहे. फौजेची हालचाल चव्हाट्यावर मांडा असें कोणी म्हणत नाहीं. पण धोरण काय, तें कोणाच्या हिताचें आणि खर्च किती, एवढें तरी उघड्या दारानें विचारतां यावें. आपले खासदार मतें मागावयास येतील तेव्हां, रस्त्याच्या आणि पाण्याच्या प्रश्नांबरोबर हाही एक प्रश्न त्यांच्यापुढें ठेवावा, असें आम्ही सुचवितों.

दर रविवारीं वाचनालयांत वर्तमानपत्राचें परदेशी बातम्यांचें पान मोठ्यानें वाचण्याचें काम सातवीच्या मुलामुलींनीं पत्करलें आहे. नकाशा शाळेचा आहे, तो भिंतीवर लागेल. आतां कोणाला कांहीं विचारावयाचें असेल तर विचारावें. मागें बसलेल्या बायांनीं आधीं.